झाडून दिलेला सर्व्हर

माझे मामा सोनाजी खिल्लारे वीज मंडळात लाइनमन होते. सेनगाव, पुसेगाव, डोंगरकडा असं करत बदल्या होत गेल्या आणि सगळी नोकरी भाड्याच्या खोल्यांत निघाली. खोली सोडताना मामांचा एक नेम असे. सामान टेम्पोत चढलं की स्वतः हातात झाडू घ्यायचा, भिंतीतले खिळे उपटायचे, कोपरान् कोपरा लख्ख करायचा आणि मगच घरमालकाला किल्ली द्यायची. "आपल्यामागं कुनी नाव ठेवू नये," म्हणायचे. चांगुणामामी तोवर टेम्पोत बसून वाट बघायची.

निवृत्त झाल्यावर हिंगोलीत घर बांधलं आणि मामांनी एक नसता उद्योग सुरू केला: स्वतःची वेबसाइट. नाव 'पहिला बल्ब'. कोणत्या वस्तीवर पहिल्यांदा वीज कशी आली, खांब कोणी वाहिले, बटण दाबायला कोण घाबरलं, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतंच. एकेक गाव घेऊन ते लिहायचे. वाचणारे थोडे, पण पक्के. पुण्याला, नाशिकला गेलेली त्या त्या गावची माणसं खाली कमेंट टाकायची.

पहिली कमेंट मात्र कायम मामीची. चौथीत शाळा सुटलेली बाई, स्वयंपाकघरात उभी राहून मोबाइलवर एकेक अक्षर शोधायची. "ती गाय पाटलाची नव्हती, शेजाऱ्याची होती." "खांब पडला तवा तुमी सासुरवाडीला होता." मामांची चूक काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे, आणि तिने चूक काढल्याशिवाय मामांना आपण काही लिहिलंय असं वाटत नसे. दोघांच्या मध्ये एक भिंत, आणि बोलणं चाललंय वेबसाइटवरून! मला हसू यायचं. खरं सांगते, हेवाही वाटायचा.

वेबसाइटचं रूप मात्र बघवत नव्हतं. भडक नारिंगी रंग, पळणारी अक्षरं, वर एक उघडझाप करणारा बल्ब. त्यात वेबसाइट ज्यांच्या सर्व्हरवर होती त्यांनी कळवलं की आम्ही धंदा बंद करतोय, आपलं सामान हलवा. मी कॉम्प्युटरचे क्लास घेते, म्हणजे काम कोणाच्या गळ्यात पडणार हे ठरलेलंच. मी नवा सर्व्हर घेतला, रंग उतरवले, पांढऱ्यावर काळं स्वच्छ केलं.

"सरे, दवाखाना करून राहिली का?" मामा मला म्हणाले. तेव्हा मी बल्ब ठेवला, फक्त त्याची उघडझाप बंद केली.

लेख आणि फोटो आधी नेले. कमेंटा वेगळ्या जागी साठवलेल्या असतात, त्या मी रविवारी येऊन नेते, असं मी मामांना बजावलं होतं. त्यांच्या कानात शिरलं ते एवढंच, की सामान पोचलं.

रविवारी गेले तर स्वारी खुशीत. "जुनं घर झाडून दिलं बरं का. कपटा ठेवला न्हाई."

"काय झाडलंत, मामा?"

"समदं. फोटो, लेख, आन ते डेटाबेस का काय, ते बी. दुसऱ्याला तकलीफ काहून द्यायची?"

अहो, बंद पडणाऱ्या दुकानात कोण राहायला येणार होतं! कमेंटा त्या डेटाबेसमध्येच होत्या; माझं डोकं फिरलं. कमेंट आली की मामांना मेल जायची, निदान त्या असतील म्हणून बघितलं, तर त्याही त्यांनी वेळच्या वेळी पुसलेल्या. सर्व्हरवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, मालकानेच काढलं, आता काही होणार नाही.

मामी दारात उभी होती. "माझं बी गेलं का?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. ती कप उचलून आत गेली.

बाकीच्यांचं निभावलं. मामांनी वेबसाइटवर जाहीर माफी मागितली आणि लोकांनी हौसेनं पुन्हा लिहिलं. मग मामांनी डोंगरकड्यावर नवा लेख टाकला. मामीची कमेंट आली नाही. पुसेगाववर टाकला, त्यात मुद्दाम दोन चुका पेरल्या. तरी नाही. शेवटी मला फोन आला, "पोरी, ये एकदा. ही वाचते, पन लिवत न्हाई." आवाज इतका पडलेला होता की रागाने निघालेली मी वाटेतच निवळले.

माझ्यादेखत मामा तिला म्हणाले, "आठवून आठवून लिव ना परत."

मामी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दर बदलीला माझंच कायतरी मागं राह्यलं. पाटा राह्यला, लावलेली जाई राह्यली, जिवाच्या शेजारणी राह्यल्या. कधी बोलले का मी? आता लिवलेलं बी राह्यलं. तुमचा शब्द न् शब्द मात्र टेम्पोत बराबर चढला."

मामांनी मान खाली घातली. मलाही मान खाली घालावी लागली, कारण आधी लेख आणि मग कमेंटा, हा क्रम माझाच होता.

"खाली न्हाई लिवनार मी आता," मामी म्हणाली. "लिवलं तर वर लिवीन."

मामांना कळायला वेळ लागला, मला नाही. त्याच दिवशी मी तिच्या नावाचं पान काढलं. पासवर्ड तिचा. त्या पानाखाली कोणाची कमेंट ठेवायची आणि कोणाची नाही, हेही तीच ठरवणार.

काही दुपारी खर्चून तिने लिहिलं. मी एक अक्षर बदललं नाही:

"लग्न करून सेनगावला आले तवा आमच्या खोलीत लाइट नव्हती. घरमालक मीटर घेईना आन ह्यांना आकडा टाकून चोरीची वीज घेनं मंजूर न्हाई. हे समद्या गावात उजेड लावायचे. वादळ आलं की रातभर खांबावर. मी चिमणी लावून लेकरू मांडीवर घेऊन दारात बसायची. शेजारीण पुसायची, दारात काहून बसली? मी म्हनायची, उकडून राह्यलं. उकडत नव्हतं. मला अंधाराची लई भीती वाटायची. ह्यांना कधी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर हे गेले नसते, आन मग गावात लाइट कोन लावनार?"

मामांनी ते बाहेरच्या खोलीत बसून वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग मोबाइलवर काहीतरी टाइप करू लागले. लेख झपाझप लिहिणाऱ्या माणसाला त्या दिवशी बराच वेळ लागला.

आत मामीचा मोबाइल वाजला. मी तिच्याशेजारीच होते. तिच्या पानावर पहिली कमेंट आली होती आणि तिच्या होकारासाठी थांबली होती.

"खरं हाय. गेलो नसतो."

मामीने पदराने डोळे टिपले. "ही ठेवायची असली तर कुठं दाबायचं, सरे?"

मी बोट दाखवलं. तिने दाबलं.