हात जोडलेली प्रिक

थोनबुरीच्या कालव्याकाठी लमाय राहायची. पन्नाशीची विधवा, तोंडात कायम विडा आणि बोटांत कुंचला. दर पावसाळ्यात हेंगशेठ तिच्याकडून कागदावर नक्षीचे नमुने काढून घेत आणि आपल्या गलबतातून चीनला धाडत. तिथले रंगारी ते रेघन् रेघ चिनीमातीच्या वाडग्यांवर उतरवत. चारी बाजूंना मुकुट घातलेली, हात जोडून बसलेली देवता, भोवती ज्वाळा, एकूण पाच रंग. त्या रंगाऱ्यांनी असली देवता जन्मात पाहिली नव्हती. कागदावर दिसेल तेच त्यांच्यासाठी खरं.

त्या साली एका बड्या सरदाराच्या घरचं लग्न निघालं. शंभर वाडग्यांची मागणी आली. लमायने तीन दिवस मान वर न करता नमुना काढला, आणि गलबत गेलं.

समोरच्या काठावर तिची नणंद प्रिक मासळी विकायची. प्रिक म्हणजे मिरची, आणि बाई नावाला जागणारी. लमायने उसना नेलेला दगडी खल तडकवला, तेव्हापासून दोघींचा तीन वर्षं अबोला होता.

थंडीत गलबत परतलं. धक्क्यावर हेंगशेठनी पहिली पेटी फोडली, पेंढा बाजूला सारला आणि आतला एक नग डोळ्यांजवळ नेला. मग वाडगा लमायपुढे धरला.

वाडग्यावर प्रिक होती. तेच फेंदारलेलं नाक, तेच गुबगुबीत गाल, डाव्या गालावर तोच मोठा तीळ. दुसऱ्या वाडग्यावर प्रिक. प्रत्येक वाडग्यावर चारी बाजूंनी प्रिक. जन्मात कुणापुढे न वाकलेली बाई चारशे वेळा हात जोडून बसली होती.

लमाय वाडगा पेंढ्यात लपवू लागली. तेवढ्यात मासळीची होडी वल्हवत प्रिकच तिथे आली. तिने वाडगा उचलला, फिरवला, पुन्हा फिरवला.

"वहिनी," तीन वर्षांत ती पहिल्यांदा बोलली, "हा तीळ कुणाचा?"

"वन्सं, मी काय करू? तीस वर्षं खिडकीतून तुमचंच तोंड दिसतंय. देवाचं काढायला घेतलं, तर हात तिकडेच वळला."

प्रिकचा चेहरा थरथरला. लमायला वाटलं, आता शिव्या. पण बाई हसू लागली, इतकी की होडी कलली आणि ती टोपलीसकट कालव्यात गेली. तिला ओढायला लमाय वाकली, तीही आत. दोघी पाण्यात खिदळताहेत, सुटलेले मासे भोवती उड्या मारताहेत, आणि हेंगशेठ काठावर डोकं धरून बसलेले.

सरदारीणबाईंनी वाडगे पाहिले. प्रिककडून त्या रोज मासळी घेत, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. हसून हसून त्यांचा अंबाडा सुटला. वाडगे ठेवून घेतले आणि दोघींना लग्नाचं आवतण धाडलं.

लग्नात प्रिक पहिल्या पंगतीला बसली. त्याच वाडग्यांतून नारळाच्या दुधातली खीर खाता खाता शेजारणीला म्हणाली, "जपून हो बाई, माझ्या नाकाला खीर फासू नका."