न पुसलेला बूट

समीरने उडी मारली की सगळी गॅलरी चेंडूकडे बघते. त्याची बायको अनघा मात्र त्याचा डावा पाय जमिनीवर कसा टेकतो ते बघते. समीर व्यावसायिक बास्केटबॉल खेळतो. लांबून बास्केट करणं हे त्याचं काम. ज्या उडीने त्याला नाव मिळवून दिलं, तीच त्याचा डावा गुडघा झिजवते आहे. अनघाशेजारी बसून मला वाटत राहिलं, माणूस ज्याच्या जोरावर उभा असतो, तेच त्याला आतून पोखरत असावं.

काल मध्येच खेळ थांबला तेव्हा, घसरू नये म्हणून सगळेच पुसतात तसा, समीरने बुटाचा तळ हाताने पुसला. एकाच बुटाचा.

"दुसरा पुसायला डाव्या पायावर उभं राहावं लागतं," अनघा हळूच म्हणाली.

समोरच्या संघातला, त्याला अडवणारा खेळाडूही त्या न पुसलेल्या बुटाकडेच बघत होता.