शेवटच्या फोटोतली मुलगी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि आज सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणूनही नाही — ते फारसं जड कधी झालंच नाही. आधी ऐका, मग काय म्हणायचं ते म्हणा.

मी आणे गावची, शेतकऱ्याघरची. कॉलेजला जुन्नरला मावशीकडे राहायचे आणि मला मॉडेल व्हायचं होतं. हसलात? सगळेच हसायचे. माझी उंची बघून आमच्याकडे एकच प्रश्न पडायचा — हिला नवरा कुठून आणायचा? हसली नाही ती एकटी रिजवाना. बाजारपेठेतल्या टेलरची मुलगी, वर्गात माझ्या शेजारी बसणारी, माझ्याहून बोटभर उंचच.

मुंबईच्या एका एजन्सीला फोटो पाठवायचे होते. त्यांच्या अटी वाचून मी चक्रावले. मेकअप नको, दागिना नको, फिल्टर नको. केस मागे बांधलेले, अंगासरसे साधे कपडे, मागे पांढरी भिंत, दिवसाचा उजेड. समोरून, बाजूने, पूर्ण उंचीचा. म्हणजे आहेस तशी दिस. आहे तशी! लहानपणापासून तोंडाला बेसन चोळून घेतलेल्या मुलीला हे किती अवघड, कळतंय का तुम्हाला?

रिजवानाच्या गच्चीला नुकताच चुना दिला होता. तिच्या अब्बांनी माझा टीशर्ट मशीनवर घेतला, दोन्ही बाजूंनी आत घेऊन दिला. म्हणाले, "ढगळ कापडात माणूस दिसत न्हाई, पोरी." मग लेकीकडे वळून, "तुझा बी काढ की एक. कुणाचं नशीब कुठं उघडंल, काय सांगावं?"

"मला कोण घेतंय, अब्बा!" ती म्हणाली. पण उजेड कसा पडतो ते बघायला आधी तीच भिंतीपुढे उभी राहिली. मी एक फोटो काढला. तेल लावलेले केस, घरातला सलवार-कमीज, कपाळावर घाम.

मग माझे. मी डोळ्यांखाली गुपचूप फाउंडेशन लावून आले होते. तिच्या ते लगेच लक्षात आलं. "काई लावलंस व्हय गं?" "नाय." ती तासभर उन्हात माझे खांदे सरळ करत, फोटो काढत राहिली.

पाठवताना माझ्या फोटोंच्या शेवटी तिचाही गेला — चुकून. सगळ्यांत तीच पांढरी भिंत, बोट कुठे पडलं समजलं नाही. मी तिला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. पण दुसऱ्या दिवसापासून रोज विचारायला लागली, "आलं का गं उत्तर?" माझ्यासाठी विचारतेय असं दाखवायची. मला काय समजत नव्हतं?

आठवड्याने उत्तर आलं. माझ्यासाठी एक ओळ — सध्या काम नाही, शुभेच्छा. आणि खाली चार ओळी. शेवटच्या फोटोतली मुलगी कोण? तिचे आणखी फोटो मिळतील का? तिला भेटायला बोलवायचं आहे, जमेल का?

तुम्हाला वाटेल, मी तो मेल पुसून टाकला. तेवढंच केलं असतं तर हे सांगायला बसलेच नसते. मत्सर कुणाला होत नाही? मला झाला, भयंकर झाला, आणि त्याची आजही लाज वाटत नाही. स्वप्न माझं होतं. उपाशी मी राहिले होते. ती तर नुसती उजेड बघायला उभी राहिली होती! पण मेल पुसला असता तर त्यांनी पुन्हा विचारलं असतं, आणि मला ते दार कायमचं लावायचं होतं.

म्हणून मी उत्तर दिलं. लिहिलं — ती मुसलमान आहे, घरचे फार कडक आहेत, असलं त्यांना चालणार नाही, कृपया पुन्हा विचारू नका.

हे कुणाबद्दल? "तुझा बी काढ की" म्हणणाऱ्या माणसाबद्दल.

थोड्याच वेळात त्यांचं "समजलं, धन्यवाद" आलं. एक प्रश्न नाही. दुसरं कुठलंही कारण दिलं असतं तर त्यांनी खोदून विचारलं असतं. हे मात्र मुकाट घेतलं. तुम्हीही घेतलं असतं — उगाच माना हलवू नका. मला ते ठाऊक होतं, म्हणून तर हेच कारण निवडलं.

रिजवानाला सांगितलं, "दोघींनाबी नाय म्हणाले." ती मग माझीच समजूत घालत बसली. "त्यांला डोळं न्हाईत गं," म्हणाली.

आज मी पुण्यात साड्यांच्या कॅटलॉगसाठी उभी राहते, बऱ्यापैकी चाललंय. ती अब्बांचं दुकान चालवते. आमची मैत्री आहे. हो, आहे! माझ्या कॅटलॉगचं पान तिने दुकानात लावलंय, आणि मी ते काढ म्हटलेलं नाही.

राग आला होता, वय लहान होतं, भान राहिलं नाही — यातलं काही मी म्हणणार नाही. वय एकवीस होतं आणि भान पुरतं होतं. उत्तर लिहून झाल्यावर मी खाली जाऊन मावशीबरोबर चहा घेतला. वर आले, ते पुन्हा वाचलं. नुसतंच 'कडक' लिहिलं होतं, त्याच्या आधी 'फार' घातलं. मग पाठवलं.