पाठवणीचा पार्ट

आमच्या स्टुडिओची हार्ड डिस्क सारखी भरते आणि जुनी लग्नं उडवावी लागतात. किस्से मात्र उडवता येत नाहीत, ते साचतच जातात. सोलापुरात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओत मी एडिटिंग करतो. शूटिंगचं टेन्शन आम्हाला फारसं येत नाही. घाम फुटतो तो फाइल पाठवताना.

* * *

आमचे मालक सलीमभाई. हातात कॅमेरा असला की वाघ, नेटसमोर मांजर. अपलोड सुरू झालं की स्टुडिओत कर्फ्यू लागतो. सगळ्यांनी मोबाईलचं वायफाय बंद करायचं, राउटरजवळून जायचं नाही. राउटरला लिंबू-मिरचीही त्यांनीच बांधलीय.

एकदा एक गिऱ्हाईक आत येऊन जोरात शिंकलं आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं. तेव्हापासून दारावर पाटी आहे, 'अपलोड चालू आहे. शिंक बाहेर.'

* * *

करमाळ्याच्या एका पार्टीला लई घाई होती. सलीमभाईंनी अख्खं लग्न तुकड्यातुकड्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. पाठवताना ते व्हिडिओ पिळून पिळून बारीक करतं, हे तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक होतं!

नवरदेवाच्या आत्याचा फोन आला. "व्हिडिओ झ्याक हाय. पर यातली नवरी कंची?"

सलीमभाईंनी फोन पद्माच्या हातात दिला आणि चहाला निघून गेले. पद्मा आमची दुसरी एडिटर. घरी तेलुगू बोलते, स्टुडिओत मराठी, आणि कॉम्प्युटर अडकला की परत तेलुगू.

* * *

मग पद्मानंच फाइल नेटवर चढवून नुसती लिंक पाठवायची पद्धत आणली. पहिली लिंक माढ्याला गेली. ती उघडायची परवानगी द्यायचं तेवढं राहून गेलं. सगळी भावकी परवानगी मागत बसली, आणि नवरदेवाचे चुलते थेट स्टुडिओत येऊन उभे राहिले.

"लग्नात मला मान न्हवता," ते हळू आवाजात म्हणाले. "आता व्हिडिओत बी बंदी व्हय?"

माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं. पद्मानं घाईघाईनं त्यांच्यासमोरच फाइल उघडली. फेटा बांधून घेताना ते स्वतःच पडद्यावर दिसले. बराच वेळ बघत राहिले.

"बरा दिसतुय की," म्हणाले, आणि चहा घेऊन गेले.

* * *

मोडनिंबच्या लग्नाला मात्र कुणाला हसू सुचत नव्हतं. नवरीचे वडील पुण्याच्या हॉस्पिटलात होते. लेकीच्या लग्नाची तारीख त्यांनी हलवू दिली नव्हती. लग्न सकाळी, आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन. आत नेण्याआधी त्यांना लग्न बघायचं होतं. त्यांचा मुलगा लॅपटॉप घेऊन जवळ बसला होता. कार्यालयात रेंज नव्हती, त्यामुळं लाइव्हचं काही जमलं नाही.

पाठवणी होताच सलीमभाई मेमरी कार्डं घेऊन गाडीनं सोलापूरला आले. सोबत नवरीचे मामा. डोक्यावरचा फेटासुद्धा काढला नव्हता.

"दाजींच्या जागी कन्यादान मी केलंय," मामा म्हणाले. "ते त्यांनी बगितलं पायजे. न्हायतर मला जन्मभर..."

फाइल एकसंध चढवायला घेतली. संपत आली आणि लाइट गेली. परत आली तेव्हा पट्टी पुन्हा शून्यावर. तेवढ्यात मुलाचा फोन. "मामा, लवकर करा. आत न्यायची तयारी चाललीय."

सलीमभाईंनी लिंबाला हात लावला. पद्मा तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि मग मराठीत म्हणाली, "भाई, हे एका घासात जाणार नाही. तुकडे करू. गेलेला तुकडा तरी परत पाठवायला नको."

चार पार्ट केले. मंगलाष्टकं, कन्यादान, सप्तपदी, पाठवणी. पहिला गेला. दुसऱ्याला नेट रखडलं. मामांना शिंक आली तसे ते फेट्याचा शेमला नाकावर दाबून बाहेर पळाले. कन्यादान पोचलं, मागोमाग सप्तपदीही.

चौथा चढत होता तेव्हा फोन वाजला. खुद्द वडील बोलत होते. आवाज अगदी बारीक.

"कन्यादान बगितलं. मामांना सांगा, लई चांगलं केलं."

मामा तिथंच खाली बसले आणि रडले. माझेही डोळे भरून आले.

"पाव्हणं, शेवटचा पार्ट निघालाय," सलीमभाई म्हणाले. "पोचतोच आता."

"न्हाय. पाठवणी आत्ता धाडू नका. ती मी भाईर आल्यावर बगनार."

पद्मानं माझ्याकडं बघितलं आणि अपलोड थांबवलं. चालू अपलोड आपल्या हातानं थांबवायची आमची ती पहिलीच वेळ.

त्यानंतर हार्ड डिस्क भरली, परत भरली. सलीमभाईंनी त्या एका फाइलला कुणाला हात लावू दिला नाही.

मग एका सकाळी स्टुडिओच्या दारात मामा दिसले. त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन एक वाळलेला माणूस उभा होता, दुसरा हात छातीवर. बाहेरच थांबून त्यानं आमची पाटी सावकाश वाचली.

"मी शिंकनार न्हाय," तो म्हणाला. "पाठवणी लावा."