गाडीच्या पुस्तकासाठी ठाणे-कल्याण, हीटर लावून

शुक्रवारी संध्याकाळी मालतीने, म्हणजे आमच्या सौ.ने, निकाल दिला. "रविवारी सकाळी भंगारवाला येतोय. तोवर गाडी सरळ झाली तर ठेवा, नाहीतर तिला हात जोडा."

आमची पांढरी गाडी म्हातारी आहे, पण चालते झकास. फक्त पंधरा मिनिटांत तापते. आमच्या कोपरच्या दोन मेकॅनिकांनी इंजिन उघडायला सांगितलं. मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले, तर तिघांची तीन मतं. मी दहावीनंतर शाळा पाहिली नाही. मिक्सर, पंप, शिलाई मशीन, जे शिकलो ते पुस्तक समोर उघडं ठेवून. म्हटलं, गाडीचंही खात्रीचं पुस्तक शोधू आणि आपणच करू. तुमच्यापैकी कोणाच्या डोक्यात हा किडा असेल, तर हा प्रवास वाचा आणि मग ठरवा.

शनिवारी आठला निघालो. मोठागावच्या नव्या खाडीपुलावरून ठाणं आता जवळ आलंय. धडधाकट गाडीला अर्धा-पाऊण तास लागतो, आम्हाला दोन तास लागले. तापणाऱ्या इंजिनाची उष्णता काढून घ्यायचा एक उपाय म्हणजे गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा. महिना मे. मालती डोक्यावर ओला पंचा घेऊन बसलेली. माणकोलीला गर्दीत अडकलो, तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्याने आमच्या खिडकीत हात घालून पाहिला.

"काका, हीटर?"

"इंजिनाला बरं नाही."

"मग काकूंना का शिक्षा?"

"सप्तपदी अग्नीच्या शेजारीच झाली होती हो," मालती म्हणाली, "तेव्हाच कळायला हवं होतं." आणि तिने पंचा खिडकीबाहेर पिळला.

पाण्याच्या पाच बाटल्या बरोबर ठेवा. दर थांब्याला सावली बघून थांबा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, तोंड भाजेल.

ठाण्यात स्टेशनच्या बाजूला जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे. गाडी लावायला चाळीस रुपये गेले, मिसळ मात्र छान मिळाली. दुकानदाराने एक गुळगुळीत जाड पुस्तक काढलं. त्यात सगळ्या गाड्या, ट्रॅक्टर आणि शेवटी पिठाची गिरणी. माझी एक रीत आहे. जे काम आपण स्वतः केलंय, तेच पान आधी उघडायचं. गेल्या वर्षी मी हॉर्नचा फ्यूज बदललाय, तो स्टिअरिंगच्या खाली असतो. पुस्तक म्हणत होतं, ड्रायव्हरच्या सीटखाली.

"सीटखाली आमची छत्री असते," मी म्हटलं.

"पुस्तकात आहे म्हणजे असणार, काका. छत्री बाजूला करून बघा."

मालती खरंच बघून आली. छत्री होती. तिथे आपलं हरवलेलं कानातलंही सापडलं म्हणून तिने पुस्तकाला दहापैकी चार गुण दिले. मी दिले नाहीत.

दुकानदार खजील झाला, पण माणूस प्रामाणिक. म्हणाला, "कंपनीचंच पुस्तक हवं. पहिल्या पानावर तुमचं मॉडेल, साल आणि इंजिन लिहिलेलं हवं. आणि कोरं घेऊ नका, काळ्या बोटांचं घ्या. तसं एक माझ्या वडिलांनी कल्याणच्या एका गॅरेजवाल्याला विकलेलं. अशी पुस्तकं परत येत नाहीत."

भिवंडी बायपासने, सहा थांबे घेत, कल्याणला पोचलो. दुकानदाराने दिलेल्या पत्त्यावर, दुर्गाडीच्या अलीकडे, दशरथचं गॅरेज. पन्नाशीचा गडी, पोट बॉनेटवर टेकवून काम करणारा. दारात त्याची आई सुकट निवडत बसलेली. पुस्तक विचारताच दशरथने वर बोट दाखवलं. देवांच्या तसबिरीशेजारी, लाल कपड्यात गुंडाळलेलं, वर सुकलेला हार.

"जरा बघू का?"

"ते वाचाचं नाय काका, पुजाचं हाय."

ते त्याच्या वडिलांचं. वडील गेले त्या वर्षीच्या दसऱ्याला पान्यांबरोबर पूजेला ठेवलं, ते परत खाली आलंच नाही. दर दसऱ्याला हळदकुंकू, अक्षता, नारळ. पंधरा वर्षं कोणी उघडलेलं नाही.

मी त्याच्या आईला सगळं सांगितलं. उद्या भंगारवाला येतोय हेही. म्हातारीने सुकटीचे हात धुतले. "देवानंच त्याला दारात आनलं नं, वाचूं दे," ती म्हणाली. मग नारळ फुटला. पानं कुंकवाने चिकटलेली, ती दशरथने फट मोजायच्या फीलर गेजच्या पातळ पात्याने एकेक सोडवली. पहिल्या पानावर आमचंच मॉडेल, आमचंच इंजिन. रेडिएटरच्या पानावर बोटांचे काळे ठसे. मला रडू यायचं बाकी राहिलं.

पुस्तक द्यायला तो तयार नव्हता, झेरॉक्स मात्र चालेल म्हणाला. म्हणून ताटात पुस्तक, पुढे म्हातारी, मागे दशरथ, मी, पंचा घेतलेली मालती, अशी वरात नाक्यावर गेली. दशरथने झेरॉक्सवाल्याला चपला काढायला लावल्या. यंत्रावर पुस्तक पालथं घालायला म्हातारीची हरकत होती.

"आजी, उताणं ठेवलं तर छताची झेरॉक्स येईल," तो बिचारा म्हणाला.

परत येईपर्यंत इंजिन गार झालेलं. रेडिएटरच्या पानाच्या कडेला वडिलांनी पेन्सिलीने लिहिलेलं दशरथने वाचलं, "आदी झाकन बग." झाकण काढलं. आतलं रबर पापडासारखं तडकलेलं. नवं झाकण दोन दुकानं सोडून मिळालं, एकशेसाठ रुपये.

"मी बी झाकनच बघनार होतो," दशरथ म्हणाला.

"मग आधी का नाही बोललास?"

"तुमी पुस्तक मागितलं. झाकन कुठं मागितलं?"

ठाकुर्लीवरून घरी आलो, हीटर बंद ठेवून. काटा मध्यावरच राहिला. रविवारी भंगारवाल्याला मालतीने जुना कूलर दिला आणि चहा पाजून वाटेला लावलं. गाडी राहिली. झेरॉक्सही राहिली, कुंकवाचे डाग त्यात काळे आलेत.

मंगळवारी दशरथचा फोन आला. पुस्तक तो आता रोज वाचतोय म्हणे.

"काका, गिअरबॉक्सच्या पानावर बापसानं लिवलंय."

"काय?"

"'हितं दशरथला इचार. त्याला माज्यापरीस बेस येतं.'" त्याने ते दोनदा वाचलं. "तोंडानं कदी बोल्ला नाय."

मी विचारलं, "आईला दाखवलंस?"

"दाखवलं. ती त्या पानावर हलदकुकू घेऊन बसलीय. बोल्लो, आये, वाहा, पन अक्षर सोरून वाहा."