चौऱ्याऐंशी भागिले सहा

प्रियदर्शनी ओव्हाळ नेपाळला पोरं शिकवायला चालली आहे, हे तिच्या आईनं, जाईबाईंनी, मला सांगितलं तेव्हा मी लगेच म्हणालो, "कावून? धारूरातली पोरं संपली का?" मी निवृत्त मास्तर आहे. पुरतं ऐकून न घेता मत द्यायची सवय नोकरीत लागली, ती पेन्शनीतही सुटली नाही.

जाईबाई ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गुरुजी, आमी कोयता घिऊन कर्नाटकात गेलतो, तवा उसाच्या फडावर कुनी शिकवाया आलं आसतं, तर तुजं गाव कोनतं, म्हनून मी इचारलं नसतं."

मी चहा पिऊन उठलो.

प्रियदर्शनी माझीच विद्यार्थिनी. तिचे आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि तिला सोबत न्यायचे. तरीही पोरगी शिकली, डी.एड. झाली, धारूरला खाजगी शाळेत लागली. आता पस्तिशीची आहे. विहारात आलेल्या एका भंतेजींनी तिला सांगितलं, की लुंबिनीच्या बाजूला वीटभट्ट्यांवरच्या मजुरांच्या मुलांना शिकवायला माणसं हवी आहेत. हिनं चार महिन्यांची बिनपगारी रजा टाकली. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," असं मी तिला ऐकवूनही पाहिलं. ती हसली, आणि मांजरसुंब्याला गाडी बदलून पुढं गेलीसुद्धा.

तिकडून ती दर रविवारी फोन करायची. तिचं हिंदी आपल्या बीडचं. "काइकू रोते रे?" असं ती पहिल्या दिवशी म्हणाली आणि भट्टीवरची सगळी पोरं दिवसभर एकमेकांना "काइकू" म्हणत फिरली. शिकवायला छप्पर नव्हतं. कच्च्या विटांच्या दोन थप्प्यांमधली सावली, तीच शाळा.

एका रविवारी ती म्हणाली, "गुरुजी, मी इथं आर्धा धडा कुनालाच देत न्हाई. आज धरलं ते आजच पुरं करायचं."

"आसं कुठं शिकवनं आसतंय का?" मी मास्तरकी सुरू केली. "रोज थोडं थोडं पुढं न्यायचं आसतंय."

"उद्या पोरगी भट्टीवर आसल का न्हाई, कुनाला ठाऊक?" "चौथीत तुमी फळ्यावर चौऱ्याऐंशी भागिले सहा मांडलं व्हतं. सहा एके सहा, आठातून सहा गेले, उरले दोन. तेवढ्यात घंटा झाली. तुमी म्हनले, पुढचं उद्या. सकाळी आमी ट्रॉलीत बसलो."

सहा महिने ती फडावरच्या पाचटाच्या कोपीपुढच्या मातीत काडीनं तेच गणित मांडत राहिली. एक यायचा, दोन उरायचे, आणि वरच्या चारचं काय करायचं ते कळायचं नाही. मुकादमाला विचारलं, तर तो हसला.

"मंग आल्यावर मला इचारायचं," मी म्हणालो.

"इचारायच्या आधीच तुमी फळ्यापुढं उभं केलं, गुरुजी."

ती एवढंच बोलली. बाकीचं मला आठवलं. चौथी संपत आली तरी भागाकार येत नाही, म्हणून मी तिच्या तळहातावर छड्या मारल्या होत्या. किती, ते मला आठवत नाही. तिला आठवत असणार.

मला फार वाईट वाटलं. त्या वर्षी वर्गातली निम्मी पोरं उसाला गेली होती, आणि त्यांना काय येत नाही हेच मी मोजत बसलो होतो. काय शिकवायचं राहिलं, हे कधी मोजलं नाही. चार दिवस मी माफीची वाक्यं जुळवत होतो. विद्यार्थ्याची माफी कशी मागावी, याचं प्रशिक्षण शिक्षकांना कुणी देत नाही.

शेवटी गुरुवारी मीच व्हिडिओ कॉल लावला. तिकडं धूळ, आरडाओरड, मागं एक ट्रक. प्रियदर्शनीच्या कडेवर कुणाचं तरी रडणारं लेकरू.

"माती लवकर सरली, गुरुजी. मालकानं पंधरा दिवस आधीच भट्टी बंद केली. ही फुलमती आत्ता चालली." तिच्या शेजारी पाटी घेतलेली दहा वर्षांची मुलगी उभी होती. "काल तिचा भागाकार मांडला अन् आर्धा ठिवला. म्हनलं, अजून दिवस हायेत. मी म्हनत व्हते न्हाई का, आर्धं ठिवनार न्हाई? माझ्याच हातनं ऱ्हायलं."

"पोरी, मला तुला एक..."

"ते मंग सांगा. हिची आई सामान चढवतीय, भावाला हिच्याकडं दिलंय. मी त्याला फिरवते, थांबलं की रडतंय. तुमी हिला पुढचं सांगा." तिनं फोन विटांना टेकवून उभा केला आणि ती लेकराला थोपटत लांब गेली.

पाटीवर चौऱ्याऐंशी भागिले सहा होतं. वर एक, खाली उरलेले दोन. वरचा चार तसाच.

फुलमती माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "बेटी, वो ऊपर चार है ना, उसकू नीचे उतारो. दो के बाजू में."

तिनं चार उतरवला. झाले चोवीस. ती बोटांवर पाढा म्हणू लागली. ट्रकचा हॉर्न वाजला, आईनं हाक मारली, पोरगी हलली नाही. सहा चोकला येऊन थांबली, वर चार लिहिला, खाली शून्य. मग पाटी माझ्यापुढं धरली.

"सही है," मी म्हणालो. "एकदम सही है."

प्रियदर्शनी धावत आली. भाऊ बहिणीच्या कडेवर गेला, पाटी काखेत गेली, आणि ट्रक हलला. तो वळेपर्यंत प्रियदर्शनी फोन तिकडं धरून मला दाखवत होती. मग तिनं स्वतःचा चेहरा समोर आणला.

"झालं का पुरं, गुरुजी?"

"झालं," मी म्हणालो. "पन पंचवीस वर्सं लावली मी, पोरी. तुजा हात माज्या ध्यानात हाय."

तिनं फोन दुसऱ्या हातात घेतला आणि तळहात पुढं धरला. विटांच्या मातीनं लाल झालेला होता.

"बगा," ती म्हणाली, "कायबी न्हाई ऱ्हायलं."