टमाट्याच्या खोडावरचे फोड

मावशींच्या टमाट्यांच्या खोडावर बारीक पांढरट फोड दिसले, तेव्हा त्या वैजापूरला लेकीकडं जाऊन बारा दिवस झाले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि नंतर महिनाभर तरी लेक त्यांना सोडणार नव्हती. जाताना गच्चीची किल्ली आणि तेलाच्या डब्यांत लावलेली चार झाडं त्यांनी माझ्या हवाली केली होती.

मावशी म्हणजे आमच्या घरमालकीण. ह्यांना वाळूजला कंपनीत काम लागलं म्हणून आम्ही भंडाऱ्याकडून औरंगाबादला आलो. माझी शाळा सातवीतच सुटलेली, ओळखीचं कुणी नाही. पहिल्याच वर्षी मला कावीळ झाली. ह्यांची ड्यूटी चुकत नव्हती. तेव्हा मावशींनी वीस-पंचवीस दिवस स्वतः जिना चढून मला पेज पाजली. आईनंही इतकं केलं असतं की नाही, सांगता येत नाही. म्हणून त्यांनी काही काम सांगितलं की मला आनंद व्हायचा आणि लगेच धास्तीही वाटायची, की हे आपल्या हातून नीट होईल का.

टमाट्याचं बी त्यांच्या माहेरचं होतं, सिल्लोडकडच्या एका खेड्यातलं. फळ चपटं, कातडी पातळ, चव चांगलीच आंबट. दरवर्षी एक पिकलं फळ राखेत पिळून त्या बी कागदावर वाळवायच्या. त्या साली कागद उंदरांनी कुरतडला. उरल्यासुरल्या बियांतून चार रोपं आली. माहेरी भाऊ आता दुकानातलं पाकीट आणून पेरायचे.

"हे चार गेले की सपलं बघ," मावशी म्हणाल्या होत्या. "पाणी बेतानं घाल. माती सुकल्याबिगर घालूच नको."

मी मान डोलावली. पण नळाला पाणी यायचं चौथ्या-पाचव्या दिवशी. त्या दिवशी सगळी गल्ली ड्रममधलं शिळं पाणी ओतून द्यायची आणि ताजं भरून घ्यायची. मी धानाच्या मुलखातली. आमच्याकडं धानाच्या बांधीत पाणी उभं राहिलं की माणसं निवांत झोपतात. ते ड्रमभर पाणी मोरीत ओतायला माझा हात धजायचा नाही. मी बादल्या गच्चीवर न्यायची आणि झाडांना घालायची. पहिल्या खेपेला डब्याच्या बुडातल्या भोकांतून गढूळ पाणी गळून खाली शेजारणीच्या वाळत घातलेल्या साड्यांवर पडलं.

"ओ भंडारा! वरून काय गटार सोडलं का?" ती खालून ओरडली.

मी इतकी घाबरले, की चिंध्या कोंबून चारही डब्यांची भोकं बंद करून टाकली. वाटलं, बरंच झालं, आता पाणी वायाही जाणार नाही.

मग ते फोड आले. मातीपासून वीतभर वरपर्यंत, खोडाला बोट लावलं की खरखरीत लागायचे. मी रोज तीनतीनदा वर जाऊन मोजायची. वैजापूरला फोन करावा असं वाटे, पण डोळ्यावर पट्टी बांधून पडलेल्या बाईला काय सांगायचं? मोंढ्यात बी-औषधांचं दुकान होतं, तिथं गेले.

"भाऊ, टमाट्याला चामखिळी आल्यात."

दुकानात हसू फुटलं. दुकानदार म्हणाला, "ताई, फांदी तोडून आणा एखादी. बघितल्याबिगर काय सांगू?"

चारच झाडं, त्यातली फांदी तोडायची? माझं मन होईना. आणि ते हसणं डोक्यातून जाईना. आमच्या गावी माणसाच्या चामखिळीला चुना आणि सोडा कालवून लावतात, चामखीळ काळी पडून गळते. मी ह्यांच्या दाढीचं पातं घेतलं, एकेक फोड हलक्या हातानं तासला आणि काडीनं वर चुना-सोडा लावला. चारही झाडांना. दुपार गेली त्यात. फार मन लावून केलं.

तिसऱ्या दिवशी खोडावर काळी कडी पडली. आठवड्यात तीन झाडं माना टाकून बसली. एक उपटून मी पुन्हा मोंढ्यात नेलं. मुळं कुजून तपकिरी झाली होती, वास येत होता. दुकानदार या वेळी हसला नाही.

"हा रोग नव्हता, ताई. मुळ्या होत्या ह्या. खाली पाणी साचलं की झाडाचा श्वास कोंडतो, मग ते खोडातून वर मुळ्या काढतं. पाणी तोडून वर माती चढवली असती, तर धरल्या असत्या. कापल्या कुणी?"

"उंदरानं," मी म्हणाले.

चौथ्या झाडाच्या डब्यातल्या चिंध्या काढल्या, पाणी गळू दिलं, खोडाभोवती ओंजळीनं माती चढवली. त्याला एक फुलांचा झुबका आला. मी देवाला हात जोडले. पाच फुलं देठासकट गळली आणि झाड वाळलं.

मावशी काळा चष्मा लावून परतल्या, तशा थेट गच्चीवर. मी सगळं सांगून टाकलं, पातं आणि चुन्यासकट. त्या वाळल्या खोडावरून बोट फिरवत राहिल्या.

"चुना? टमाट्याला? अगं पान खाणार होतं का ते?" म्हणाल्या आणि खोकल्यासारखं हसल्या. "रडू नको. धानवालीच्या हाती टमाटे देऊन गेले, मपलीच अक्कल."

ओरडल्या असत्या तर मला सोसलं असतं.

मग त्यांनी माहेरी फोन लावून घेतला. जुनं बी कुणाकडं हाय का, म्हणून पुन्हापुन्हा विचारलं. भावजय म्हणाली, बघते गावात. पंधरा दिवसांनी एसटीच्या कंडक्टरकडून एक पुडी आली. त्या वेळी मी एकही गोष्ट स्वतःच्या मनानं केली नाही. पाणी घालायचं ते मावशी म्हणतील तेव्हा, म्हणतील तेवढंच. झाडं जोमानं वाढली. खोडं गुळगुळीत होती.

पहिलं फळ लाल झालं ते गोल निघालं, जाड कातडीचं, चकचकीत. दुसरंही तसंच. भावजयीनं दुकानातलंच बी पुडीत बांधून पाठवलं असणार, नणंदेला वाईट वाटू नये म्हणून. मावशींना आता चांगलं दिसत होतं. त्यांनी फळ हातात फिरवून पाहिलं, नखानं कातडी दाबली.

"चांगले हायेत," त्या म्हणाल्या. "बाजारात असतेत तसेच हायेत. घेऊन जा, तुमच्या भाजीला व्हतील."

सगळी मलाच दिली. बी धरायला त्यातलं एकही त्यांनी मागं ठेवलं नाही, आणि ठेवा म्हणायला माझं तोंड नव्हतं.